निष्ठावंत विंगरचा सत्कार

प्रमुख पाहुण्याशिवाय मराठी माणसाला लिंबू-चमचासुद्धा पळता येत नाही, हे मला पुण्यात कधी कळलं नव्हतं. ते कळायला ऑकलंडला यावं लागलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं मराठी मंडळ तेव्हा नुकतं बाळसं धरत होतं, म्हणजे त्यात एक भांडण होऊन गेलं होतं आणि दुसऱ्याची तयारी चालू होती. आधीचे सेक्रेटरी सिडनीला कायमचे निघून गेले होते आणि जाताना मंडळाचा माइकही घेऊन गेले होते. तो चुकून सामानात गेला, असं त्यांचं म्हणणं होतं.

नवे अध्यक्ष व्यवसायाने भूल देणारे डॉक्टर होते. हॉस्पिटलात त्यासाठी त्यांना औषधं लागत, मंडळात नुसतं भाषण पुरायचं. मंडळाची रचनाही हॉस्पिटलसारखीच होती. व्यासपीठावर डॉक्टर, स्वयंपाकघरात नर्सा, आणि मी फार्मसिस्ट, म्हणजे लागेल तिथे उभी करायची. इथली परीक्षा पुन्हा देऊन, रजिस्ट्रेशन मिळवून मी हिल्सबरोच्या एका फार्मसीत कामाला लागले होते, पण अध्यक्षांच्या तोंडी ते कायम "वहिनींचं दुकान"च राहिलं.

त्या वर्षी मंडळाने क्रीडादिन ठरवला. पोत्यांची शर्यत, संगीतखुर्ची, रस्सीखेच, मग हॉलमध्ये बक्षीस समारंभ आणि पुरी-भाजी. ठरलेले प्रमुख पाहुणे कुणी खासदार होते. त्यांना आदल्या आठवड्यात दुसरं काही महत्त्वाचं सुचलं. अध्यक्षांचा मला फोन आला.

"अहो वहिनी, तुमच्या दुकानात गोरे लोक येतात ना?"

"हीप्स येतात, डॉक्टर, ढिगाने. कसला हवाय?"

"जरा स्पोर्ट्समधला बघा ना. रग्बीवाला मिळाला तर स्वीट ॲज, उत्तमच, नाहीतर कुणीही चालेल."

रग्बीवाला माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे विंगर होता.

विंगर म्हणजे फुटबॉलच्या मैदानात अगदी कडेच्या रेषेला चिकटून पळणारा माणूस. त्याने धावत जाऊन चेंडू मधे टाकायचा, मधल्याने गोल मारायचा, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मधल्याचा फोटो यायचा. एका इंग्रज म्हाताऱ्याने उत्तर इंग्लंडातल्या एका खाणगावाच्या क्लबकडून हे काम दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षानुवर्षं केलं होतं आणि आता तो दर महिन्याला माझ्याकडे गोळ्या न्यायला यायचा. गोळ्या कसल्या ते सांगत नाही, ती आमच्या धंद्याची शिस्त आहे. पहिल्याच दिवशी त्याने मला "लव्ह" म्हटलं आणि मी खवळले. मग कळलं की त्याच्या गावाकडे बस कंडक्टरपासून पोलिसापर्यंत सगळ्यांना लव्हच म्हणतात, त्यात प्रेमाचा काही संबंध नसतो.

दुकानात गर्दी नसली की तो काउंटरला टेकून सांगत बसे. पावसात चेंडू भिजला की वरवंट्याएवढा जड व्हायचा. अंगावर येणारा बचावपटू चेंडूला कमी आणि पायाला जास्त लाथा घालायचा, आणि त्याबद्दल सामना संपल्यावर बिअर पाजायचा. इतकी वर्षं कडेच्या रेषेवर काढल्यामुळे त्या बाजूच्या प्रेक्षकांशी त्याचा घरोबाच झाला होता. खेळ चालू असताना ते त्याच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी करत, वर तिला काय खायला द्यावं तेही सांगत. मैदानावर तो त्यांच्याच बसने जायचा. सामना हरला की परतीच्या बसमध्ये त्याला कुणी जागा देत नसे. त्याने हे सगळं तक्रार म्हणून सांगितलं नाही. तो हसत सांगायचा.

एकदा मी त्याला सरळ विचारलं. माझा स्वभावच तसा. म्हटलं, "तुम्ही सबंध आयुष्य एकाच क्लबात काढलंत, म्हणजे दुसऱ्या कुणी विचारलं नसेल, नाही का?"

तो रागावला नाही. "विचारलं होतं, लव्ह," तो म्हणाला. "मलाच तेवढं नव्हतं विचारलं."

मग त्याने जे सांगितलं ते मला आधी खोटंच वाटलं. त्या काळी तिकडे खेळाडूचा करार दर उन्हाळ्यात संपायचा, पण त्याची नोंदणी क्लबच्या मुठीत राहायची. क्लबने मूठ उघडली नाही, तर दुसऱ्या कुठल्याही क्लबाकडून खेळता येत नसे. एकतर त्याच क्लबात पुन्हा सही करायची, नाहीतर घरी बसायचं. एका मोठ्या शहराच्या क्लबाने याला मागणी घातली होती. याच्या क्लबाचे चेअरमन गाद्यांचे कारखानदार होते. त्यांनी परस्पर नाही म्हणून टाकलं. याला ती बातमी मासळीच्या दुकानात, रांगेत उभा असताना कळली. हा चेअरमनच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, मला जायचंय. चेअरमननी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू आमचा आहेस. दुसऱ्या दिवशी पेपरात चेअरमनची मुलाखत आली: या मुलाला आपलं गाव सोडवतच नाही, याला म्हणतात निष्ठा.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तो टोपी हातात घेऊन ऑफिसात जायचा आणि मला सोडा म्हणायचा. दर उन्हाळ्यात ते म्हणायचे, आणखी एक सीझन. आणि दर उन्हाळ्यात पेपरवाले त्याला निष्ठावंत म्हणून घोड्यावर बसवायचे. शेवटी निवृत्त झाला तेव्हा क्लबाने त्याला घरच्या मैदानावरच्या सगळ्या सामन्यांचा आजीव मोफत पास दिला, उभं राहायच्या बाजूचा. तो पास खिशात घालून विंगर आणि त्याची बायको थेट न्यूझीलंडला आले. त्या गावापासून याहून लांब जायची सोय पृथ्वीवर नव्हती. ऑकलंडच्या दक्षिण टोकाला, पापाकुऱ्याच्या एका शाळेत त्याने मैदान राखायची नोकरी धरली आणि तिथून तो पेन्शनीत निघाला. बायको गेल्यावर हिल्सबरोला एका लहानशा युनिटमध्ये राहायला आला.

तर अध्यक्षांना मी याचं नाव सुचवलं. "इंग्लंडकडून खेळलेत का?" त्यांनी विचारलं.

"इंग्लंडकडून नाही. इंग्लंडमध्ये."

"तेच ते," अध्यक्ष म्हणाले, आणि पत्रिकेत छापलं: इंग्लंडचे सुप्रसिद्ध माजी फुटबॉलपटू.

मी म्हाताऱ्याला विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, हसेल आणि नको म्हणेल. तो हसला नाही. त्याने विचारलं, "मला बोलायला लागेल का?"

"दोन शब्द. नाही बोललात तरी चालेल."

"नाही, बोलेन," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "माझ्या गावच्या पेपरात माझ्या मरणाची बातमी तयारच असेल. त्यात तो शब्द असणार, निष्ठावंत. मी जिवंत असताना, लोक खुर्च्यांवर ओळीने बसलेले असताना, मला एकदा मोठ्याने सांगायचंय की तसं नव्हतं. बायकोला सांगितलं होतं. ती म्हणायची, मला काय सांगतोस, लोकांना सांग. पण बोलवलंच नाही कधी कुणी. इथल्या सॉकर क्लबने एकदा बोलवलं, ते रॅफलच्या सोडतीची चिठ्ठी उचलायला."

त्याला मी सांगायला हवं होतं की आमच्या लोकांना लिंबू-चमच्याच्या समारंभात असलं काही ऐकायची सवय नाही. पण मला ती कल्पना फार आवडली. अध्यक्षांच्या व्यासपीठावरून कुणीतरी एकदा खरं बोलणार, या विचाराने मी तो आठवडाभर खुशीत होते. तो दोनदा येऊन मला भाषण म्हणून दाखवून गेला. चार वाक्यांचं भाषण, पण चौथ्या वाक्याला त्याचा आवाज जायचा. मी कफ सिरपच्या बाटल्या लावता लावता त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे.

क्रीडादिनाला हवा चांगली होती. पोत्यांच्या शर्यतीत दोन हृदयरोगतज्ज्ञ आपटले आणि दुपारपर्यंत सगळे हॉलमध्ये आले. पुढच्या रांगेत भारतातून आलेले आईवडील बसवले होते. मुलांच्या नोकऱ्या लागल्या, नातवंडं झाली, की ही मंडळी यायची. अंगात दोन-दोन स्वेटर आणि पायात मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. त्यांच्यात अध्यक्षांच्या आईही होत्या, साताऱ्याकडच्या, अंगाने बारीक, ताठ बसणाऱ्या. मुलगा आणि सून दोघंही हॉस्पिटलात, म्हणून घर आणि दोन नातवंडं त्या सांभाळत. त्यांच्या मांडीवर त्यातलं धाकटं झोपलं होतं आणि थोरलं "सो बोरिंग" म्हणत त्यांचा पदर ओढत होतं.

विंगर सूट घालून आला होता. टायवर क्लबाचं चिन्ह होतं. मी ते पाहिलं आणि त्याला व्यासपीठाकडे घेऊन गेले.

सत्काराला नारळ लागतो. ऑकलंडमध्ये नारळाला तोटा नाही, बेटांवरून बोटी भरून येतात, पण दुकानात मिळतात ते तुळतुळीत सोललेले. बिनशेंडीचा नारळ सत्काराला चालतो का, यावर कार्यकारिणीच्या दोन सभा झाल्या होत्या. शेवटी एका मावशींनी काथ्याची शेंडी करून सेलोटेपने चिकटवली. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, आणि शेंडी पाहुण्यांच्या हातात आली. पाहुण्यांनी ती निमूटपणे खिशात ठेवली. त्यांना वाटलं असणार की हाच विधी आहे.

मग अध्यक्ष बोलले. निष्ठेवर बोलले. आजचा तरुण इथे पाय रोवायच्या आत ऑस्ट्रेलियाकडे डोळे लावून बसतो, दर वर्षी नोकरी बदलतो, मंडळ बदलतो, आणि हे बघा आपले पाहुणे, एक गाव, एक क्लब, एकच जर्सी. मोठमोठ्या क्लबांनी पायघड्या घातल्या, पण हा माणूस जागचा हलला नाही. हे त्यांना कुठून कळलं? मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की एका क्लबात आयुष्य काढलंय. बाकीचं त्यांनी स्वतःच्या मनाने रचलं होतं, आणि ते गाद्यांच्या कारखानदाराच्या मुलाखतीशी शब्दाला शब्द जुळत होतं. निष्ठा हा शब्द ज्याला ती फुकट मिळते तोच फार वापरतो, हे माझं मत तिथेच पक्कं झालं. विंगरला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तो मान हलवत होता आणि ओठ हलवून आपली चार वाक्यं घोकत होता.

त्याच्यापर्यंत माइक पोचला तेव्हा स्वयंपाकघरात पुऱ्या तळायला सुरुवात झाली होती. आमच्याकडे पाहुण्याचं भाषण म्हणजे मागच्या रांगांना गप्पा मारायची परवानगी. इंग्रजी कळणारे सगळे मागे होते आणि घरांच्या किमतींवर बोलत होते. त्यातून उधार आणलेला माइक शिट्ट्या मारत होता आणि म्हाताऱ्याचं इंग्रजी असं, की इथले गोरेही त्याला पुन्हा सांग म्हणायचे.

तो उभा राहिला. म्हणाला, "मी त्या क्लबात राहिलो, कारण त्यांनी मला जाऊ दिलं नाही. मी दर वर्षी विचारलं. ते दर वर्षी नाही म्हणाले आणि लोकांना सांगत राहिले की मलाच जायचं नाही. मी निष्ठावंत नव्हतो, मला धरून ठेवलं होतं."

चौथ्या वाक्याला आवाज गेला नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवायला लागले.

अध्यक्षांना अर्थातच सगळं कळलं होतं. त्यांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी माइक घेतला, पुढच्या रांगेकडे वळले आणि म्हणाले, "आपल्या ज्येष्ठांसाठी मराठीत सांगतो. पाहुणे म्हणतात, मला किती जणांनी बोलावलं, पण माझा पाय काही निघाला नाही. माणसाने जिथे आहे तिथे समाधानाने राहावं." पुढच्या रांगेने मनापासून टाळ्या वाजवल्या. मागच्यांनी पुढच्यांच्या टाळ्या ऐकून वाजवल्या. विंगर चक्क रडला. त्याला वाटलं, आपलं म्हणणं पोचलं.

पंगत सुरू झाली. ज्येष्ठांना जागेवर ताटं आणून देत होते. विंगर माझ्याजवळ आला, शालीने डोळे पुसत. "किती टाळ्या वाजवल्या, लव्ह," तो म्हणाला. "भले लोक आहेत. काय सांगितलं त्याने त्यांना?"

मला संताप आला होता, आणि संताप आला की मला गोड बोलता येत नाही. मी सांगितलं, "तो म्हणाला की तुम्हालाच कधी जायचं नव्हतं."

त्याने हातातला नारळ खुर्चीवर ठेवला. "चेअरमनही हेच म्हणाला होता," तो म्हणाला, आणि शाल काढून घडी घालायला लागला. तो निघाला होता. आणि असा निघाला असता, तर तो घरी जाऊन कुणाला काय सांगणार होता? घरी कुणी नव्हतं. मी त्याच्या कोपराला धरलं आणि त्याला सरळ पुढच्या रांगेसमोर नेऊन उभं केलं.

"डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं," मी ज्येष्ठांना म्हटलं. "हे काय म्हणाले ते मी सांगते." आणि सगळं सांगितलं. मूठ, मासळीची रांग, खांद्यावरचा हात, टोपी, दर उन्हाळा. चारही वाक्यं नीट मराठीत सांगितली.

पुऱ्या खायच्या थांबल्या. एक काका म्हणाले, "असं सत्काराला बोलतात का कुठे?" दुसरे काका म्हणाले, "पण नोकरी कायम होती ना? मग झालं तर." पलीकडून अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं आणि वाढणाऱ्या मुलींना उगाच घाई करायला लागले.

अध्यक्षांच्या आईंनी मांडीवरचं मूल हलकेच शेजारच्या बाईंकडे दिलं. "अगं, मग हे सुटले कसे?" त्यांनी मला विचारलं. "विचार त्यांना."

मी विचारलं. "गुडघा गेला," विंगर म्हणाला. "धावता येईना. मग कुणी अडवलं नाही. मॅनेजर स्वतः फाटकापर्यंत पोचवायला आला होता."

मी ते आजींना सांगितलं. त्यांनी थोरल्याच्या हातातून पदर सोडवून घेतला. मग, शेजारच्या बाईंना ऐकू येईल याची पर्वा न करता, म्हणाल्या, "मी दर महिन्याला मुलाला म्हणते, मला घरी पाठव. तो म्हणतो, पोरं जरा मोठी होऊ देत. आणि लोकांना सांगतो, आईला इथे इतकं करमतं की जायचं नावच काढत नाही."

विंगर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही न गाळता.

"आणि त्यांना सांग," आजी म्हणाल्या, "माझे गुडघे अजून चांगले आहेत."

तेही मी सांगितलं. विंगरने एक खुर्ची ओढली आणि आजींच्या शेजारी बसला.